एकशे आठ टाके आणि सारखेपणाचा हट्ट

कसोटी क्रिकेटमध्ये नवा चेंडू हवा असेल तर ८० षटकं थांबावं लागतं. तोवर तोच चेंडू खेळपट्टीवर घासतो, बॅटवर आपटतो, एका बाजूने पँटला पुसून चकाकवला जातो. तो जुना होत जाणं हाच खेळाचा भाग आहे, रिव्हर्स स्विंगचा जन्मच त्यातून झाला. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये याच्या अगदी उलट रीत. तिथे चेंडूचं आयुष्य सरासरी सहा-सात फेकींचं. मातीला लागला की अंपायर तो बाजूला टाकतो आणि खिशातून नवा काढतो. एका सामन्यात शंभरावर चेंडू सहज संपतात.

ही उधळपट्टी पहिल्यापासून नव्हती. १९२० पर्यंत एकच चेंडू शक्य तितका वेळ चालवत. तंबाखूच्या थुंकीने आणि मातीने तो काळपट होई, मऊ पडे, संध्याकाळच्या उजेडात दिसेनासा होई. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला क्लीव्हलंड संघाचा फलंदाज रे चॅपमन कार्ल मेजच्या चेंडूने डोक्याला मार लागून गेला. मेजर लीगमध्ये मैदानावरच्या दुखापतीने झालेला हा एकमेव मृत्यू. चेंडूला थुंकी लावण्यावर त्याच वर्षाच्या सुरुवातीला बंदी आली होती. आता मळका चेंडू ताबडतोब बदलण्याचा आग्रह सुरू झाला.

तेव्हा बेसबॉलचा चेंडू सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या खेळाला दीर्घायुषी चेंडू नकोच आहे. त्याला हवाय असा चेंडू, जो आधीच्या चेंडूसारखाच वागेल, आणि त्यानंतरचाही तसाच वागेल. गंमत अशी की हा सारखेपणा मागायचा आहे लोकर, कातडं आणि माणसाचा हात यांच्याकडून. तिन्ही वस्तू सारखेपणासाठी प्रसिद्ध नाहीत.

आत काय असतं ते पाहू. मध्यभागी बूच आणि रबर यांच्या मिश्रणाची गोळी, तिच्यावर रबराची दोन आवरणं, एकूण व्यास साधारण ३५ मिलिमीटर. तिच्यावर लोकरीचे तीन थर: पहिला जाड राखाडी धाग्याचा, ११० मीटर लांबीचा, मग पांढरा, मग पुन्हा राखाडी. सगळ्यांत वर बारीक कापूस-पॉलिएस्टरचा धागा. सगळा मिळून सुमारे ३३७ मीटर. या गुंडाळीवर चिकट द्रव लावतात आणि तुरटीने कमावलेल्या, गाईच्या पांढऱ्या कातड्याचे, इंग्रजी आठच्या आकाराचे, दोन तुकडे चढवतात. १९७४ पर्यंत हे कातडं घोड्याचं असे. घोडे कमी झाले आणि गाय आली. तयार चेंडूचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम, घेर २३ सेंटिमीटरच्या आसपास. वजनाची आणि घेराची ही मापं १८७२ पासून तशीच आहेत. बाकी जवळजवळ सगळं बदललं.

लोकर का? कारण ती दाबली गेली की परत फुलते. बॅट आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकीच असते, पण त्या क्षणात चेंडूवर तीन-साडेतीन टन वजनाइतकं बल येतं आणि तो चांगलाच चपटा होतो. लोकरीची कुरळी तंतूजाळी तेवढा दाब सोसते आणि आकार परत मिळवते. मात्र पूर्ण फुकटात नाही. तंतू एकमेकांवर घासतात, रबर आतल्या आत कुरकुरतं, आणि बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते.

किती, ते मोजता येतं. चेंडू ताशी ९३ किलोमीटरच्या वेगाने ॲश लाकडाच्या भक्कम फळीवर मारायचा आणि परत येतानाचा वेग पाहायचा. परतीचा वेग भागिले जातानाचा वेग, हा उसळीचा गुणांक. मेजर लीगला तो ०.५४६ हवा, थोडा इकडेतिकडे चालतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ०.५४६ चा वर्ग घ्या: जेमतेम ०.३०. म्हणजे आदळताना चेंडूत असलेली ७० टक्के ऊर्जा गेली. ज्याला आपण ‘काय जोरात उसळला’ म्हणतो तो चेंडू खरं तर मोठा ऊर्जाखाऊ आहे.

आणि ‘थोडा इकडेतिकडे’ म्हणजे ०.०३२ वर किंवा खाली. ऐकायला किरकोळ. २००० साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल इथल्या प्रयोगशाळेने हिशेब मांडला, की नियमांत चोख बसणारे दोन चेंडू घेतले, एक सगळ्या मर्यादांच्या एका टोकाचा आणि दुसरा दुसऱ्या टोकाचा, तर त्याच फटक्याने ते एकमेकांपेक्षा ४९ फूट, म्हणजे जवळपास १५ मीटर, पुढेमागे पडू शकतात. एक झेल, दुसरा होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर, क्रिकेटच्या षटकारासारखा. दोन्ही कायदेशीर!

आता शिवण. मेण लावलेला लाल दोरा, दोन सुया, १०८ दुहेरी टाके. (जपमाळेशी याचा काही संबंध नाही, पण आकडा वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतोच.) मेजर लीगचे सगळे चेंडू रॉलिंग्ज कंपनी पुरवते, १९७७ पासून, आणि ते शिवले जातात मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात, तुरियाल्बा नावाच्या गावी. एका चेंडूला कुशल कारागिराचीही दहा-पंधरा मिनिटं जातात. ज्या अमेरिकेने मोटारी जुळवणारे यंत्रमानव केले तिला चेंडू शिवणारं यंत्र जमलं नाही, हे पटत नाही. पण प्रयत्न कमी झालेले नाहीत. बुटांची यंत्रं बनवणाऱ्या बड्या कंपनीनेही हात पोळून घेतले. अडतं कुठे? कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीच्या बाजूचं घट्ट, पोटाच्या बाजूचं ताणलं जाणारं. शिवणाऱ्याच्या बोटांना ते टाक्यागणिक कळतं आणि त्याप्रमाणे ओढ कमीजास्त होते. शिवाय पहिला आणि शेवटचा टाका आत दडवायचा असतो. यंत्र प्रत्येक टाका सारख्या जोराने ओढतं, आणि त्यामुळेच चेंडू वेडावाकडा होतो.

शिवणीची उंची ही तर वेगळीच कहाणी आहे. शिवण चेंडूभोवतीच्या हवेला डिवचते. फिरणाऱ्या चेंडूला वळवते ती तीच, आणि हवेचा रोध ठरवण्यातही तिचा मोठा वाटा. अमेरिकी कॉलेजांच्या स्पर्धेत २०११ पासून कमी उसळीच्या बॅट सक्तीच्या झाल्या आणि होम रन आटले. मग चेंडूकडे लक्ष गेलं. कॉलेजचा चेंडू उठावदार शिवणीचा असे, सुमारे १.२ मिलिमीटर. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो आणि ०.८ मिलिमीटर शिवणीचा चेंडू एकाच वेगाने, एकाच कोनात सोडून पाहिले. उंच शिवणीचा ३६७ फुटांवर पडला, बसक्या शिवणीचा ३८७ फुटांवर. ०.४ मिलिमीटरला २० फूट. २०१५ पासून कॉलेजांनी बसकी शिवण घेतली.

त्याहून सूक्ष्म प्रकरण २०१९ चं. त्या मोसमात मेजर लीगमध्ये ६,७७६ होम रन झाले, तोवरचा उच्चांक. पिचर, म्हणजे बेसबॉलमधले गोलंदाज, संतापले, चेंडूत काहीतरी घातलंय म्हणाले. इलिनॉय विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चेंडू तपासले. उसळी फारशी बदललेली नव्हती, हवेचा रोध घटला होता, आणि वाढीचा सुमारे ६० टक्के वाटा त्या रोधाचा होता. उरलेला फलंदाजांच्या बदललेल्या फटक्यांचा. रोध का घटला याचा काही भाग शिवणीच्या उंचीत सापडला, पण सरासरी उंचीतला फरक होता एक इंचाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. केसाच्या जाडीच्या निम्म्यालाही तो पोचत नाही. रोधाचा बराचसा चढउतार कशामुळे होतो हे समितीलाही पुरतं सांगता आलं नाही. मेरेडिथ विल्स या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी त्याआधीच चेंडू उसवून, धागा मोजून दाखवलं होतं की शिवणीचा दोराच पूर्वीपेक्षा जाड झालाय. तारे बघणाऱ्या बाई चेंडू उसवत बसल्या, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत आवडतं पात्र.

मुद्दाम केलेले बदल तरी हवे तसे लागू पडतात का? कधी जास्तच. १९१० च्या सुमारास रबराच्या गाभ्याऐवजी बुचाचा गाभा आला आणि १९११ मध्ये टाय कॉब या फलंदाजाची सरासरी .४२० वर गेली, म्हणजे दर हजार संधींमागे ४२० यशस्वी फटके. १९४३ मध्ये युद्धामुळे रबर मिळेना, म्हणून बालाटा हा दुसऱ्या झाडाचा चीक वापरला. चेंडू इतका मेला की मोसमाच्या पहिल्या २९ सामन्यांपैकी ११ मध्ये एका संघाला भोपळाही फोडता आला नाही. शेवटी आधीच्या वर्षीचे उरलेले चेंडू काढावे लागले. जपानच्या व्यावसायिक लीगने २०११ मध्ये सगळ्या संघांसाठी एकच, कमी उसळीचा चेंडू ठरवला. आदल्या वर्षी १,६०५ होम रन होते, ते ९३९ वर आले. २०१३ मध्ये लीगने कुणाला न सांगता चेंडू पुन्हा थोडा उसळता केला. खेळाडूंना ते काही आठवड्यांत कळलं, ओरड झाली, आणि आयुक्त र्योझो काटो यांनी पद सोडलं. माझ्या मते काटोंचा खरा गुन्हा भौतिकशास्त्रातला नव्हता. चेंडू बदलायला हरकत नाही, लपवायला आहे.

अमेरिकेनेही २०२१ मध्ये पहिल्या लोकरीच्या थराचा ताण जरा सैल केला. चेंडू काही ग्रॅमने हलका आणि किंचित मंद झाला. पण त्या मोसमात जुन्या आणि नव्या अशा दोन्ही घडणींचे चेंडू मैदानात होते, हे नंतर लीगला मान्य करावं लागलं. कोविडमुळे कारखान्याचं उत्पादन कमी पडलं होतं.

या सगळ्या खटाटोपात खरोखर यशस्वी झालेला उपाय चेंडूच्या आत नाहीच, तो चेंडू ठेवण्याच्या खोलीत आहे. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. त्याला इलाज नाही. पण हवा कोरडीही आहे. मैदानावर काम करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनच्या लक्षात आलं की आपले कातडी बूट या हवेत आखडतात, मग चेंडूंचं काय होत असेल? लोकर आणि कातडं दोन्ही हवेतली ओल पितात आणि सोडतात. कोरडा चेंडू हलका, आटलेला आणि टणक होतो, जास्त उसळतो. ओल धरलेला जड आणि सुस्त. २००२ पासून डेन्व्हरच्या कोलोरॅडो रॉकीज संघाने चेंडू ठरावीक दमटपणाच्या बंद खोलीत ठेवायला सुरुवात केली आणि तिथले होम रन साधारण पाव हिश्शाने उतरले. २०२२ पासून मेजर लीगच्या तीसही मैदानांवर अशी खोली सक्तीची आहे. मायामीसारख्या घामट शहरात तीच खोली चेंडू उलट सुकवते, म्हणजे तिथे तो पूर्वीपेक्षा थोडा जास्त उसळायला हवा.

एवढं करून नवाकोरा चेंडू हातात धरवत नाही, तो गुळगुळीत असतो. त्यावर १९३८ पासूनचा उपाय म्हणजे चिखल. लीना ब्लॅकबर्न या प्रशिक्षकाने न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या एका फाट्यातून काढलेला हा गाळ सामन्याआधी प्रत्येक चेंडूला चोळतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये त्याची परीक्षा घेतली. चिखल क्रीमसारखा पातळ पसरतो, चिकटपणा वाढवतो आणि त्यातले वाळूचे बारीक कण चेंडूला घट्ट बसून पकड देतात. लीगला मात्र चिखलाऐवजी कारखान्यातूनच चिकट होऊन येणारा चेंडू हवाय. २०२१ मध्ये पिचरांच्या गोंदासारख्या मलमांवर कारवाई झाल्यावर त्याच्या चाचण्याही झाल्या. जपानी चेंडू असाच किंचित चिकट येतो, आणि तिथून अमेरिकेत गेलेले पिचर त्याची आठवण काढतात. वाळू आणि गाळाने जमतं ते रसायनाने इतक्या वर्षांत जमू नये, याचं थोडं हसू येतं.

टिकाऊपणाची खरी गरज आहे ती शाळांच्या संघांना आणि सराव करणाऱ्यांना. त्यांचा चेंडू महिनोन्महिने चालायला हवा, आणि त्याचा मोठा वैरी पाणी. भिजला की लोकर फुगते, वाळला की कातडं कडक होऊन तडकतं, टाके निसटतात. म्हणून सरावाच्या चेंडूंवर कृत्रिम कातडं येतं, आत लोकरीऐवजी भरीव रबर किंवा फोम येतो. फेकयंत्रात घालायचे चेंडू तर सरळ प्लास्टिकचे, खळगे पाडलेले. उसळ आणि स्पर्श वेगळा, पण टिकतात.

या वाटेने सर्वांत लांब जपान गेला. पहिलं महायुद्ध संपता संपता क्योतोमध्ये मुलांसाठी पोकळ रबरी चेंडू तयार झाला: स्वस्त, भिजला तरी तोच, अंगाला लागला तर इजा कमी. जपानच्या शालेय बेसबॉलचा मोठा भाग आजही त्याच्यावर चालतो. २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, जास्त टणक आणि जमिनीवर कमी उसळणारी, म्हणजे कातडी चेंडूच्या जवळ जाणारी. पण पोकळ रबराची एक अडचण आहे. टणक बॅटवर तो इतका चपटा होतो की ऊर्जेचा मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या मुडपण्यातच संपतो. मिझुनो या जपानी क्रीडासाहित्य कंपनीने २००२ मध्ये यावर चेंडूला हात न लावता तोडगा काढला. बॅटच्या जाड भागावर मऊ पॉलियुरेथेनचं आवरण चढवलं. आता फटक्यात बॅटच दबते, चेंडू कमी मुडपतो, आणि तोच स्वस्त रबरी चेंडू लांब जातो.