हसतंय म्हणजे आवडतंय?

बेळगावातल्या वडगावच्या मंगाई यात्रेला यंदा पै-पाहुण्यांनी आमचं घर भरलं होतं. जेवणं उरकल्यावर माझ्या धाकट्या भावाने आमच्या दहा वर्षांच्या भाचीला धरलं आणि गुदगुल्या सुरू केल्या. ती लोळून लोळून हसत होती. मधेच "मामा, नको" म्हणायची आणि परत हसायची. शेवटी एकदम रडायलाच लागली. "आत्ता तर चांगली हसत होती की! मग काय झालं?" असं जो तो विचारू लागला. आईने मीठ-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली.

दृष्टीचा यात काडीचा संबंध नव्हता. पोरीने चार वेळा "नको" म्हटलं होतं, पण तिच्या हसण्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मी विज्ञान शिकवतो, आणि त्या दिवसापासून वर्गात संमती हा विषय गुदगुल्यांपासूनच सुरू करतो.

गुदगुल्या दोन प्रकारच्या, हे स्टॅनली हॉल आणि आर्थर ॲलिन या मानसशास्त्रज्ञांनी १८९७ सालीच नोंदवलं. मानेवरून पीस फिरवलं की अंग शहारतं, ती एक. बरगडीत नाहीतर काखेत बोटं रुतवली की माणूस खदाखदा हसतो, ती दुसरी. या दुसऱ्या प्रकारातलं हसू विनोद ऐकून येणाऱ्या हसूसारखं नसतं. क्रिस्टीन हॅरिस आणि नॅन्सी अल्वाराडो यांनी २००५ मध्ये गुदगुल्या होत असलेल्या माणसांचे चेहरे बारकाईने तपासले. त्यांवर हसू होतंच, पण दुखताना चेहऱ्याच्या ज्या हालचाली होतात त्याही होत्या.

आता स्वतःच्याच काखेत बोटं घालून पाहा. काही होत नाही. का? हात हलवण्याची आज्ञा मेंदू स्नायूंना पाठवतो, तेव्हा तिची एक नक्कल स्वतःकडेही ठेवतो. तीवरून अनुमस्तिष्क, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू, आधीच अंदाज बांधतो की बोट अमुक जागी, अमुक क्षणी टेकणार. प्रत्यक्ष स्पर्श त्या अंदाजाशी जुळला की त्याची जाणीव दाबली जाते. सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी लंडनमध्ये मेंदूच्या स्कॅनवरून हे दाखवलं, ते १९९८ साली.

पुढच्या वर्षीचा त्यांचा प्रयोग मला फारच आवडतो. माणसाने डाव्या हाताने एक दांडी हलवायची. ती हालचाल यंत्र पकडणार आणि तशीच्या तशी फोमच्या तुकड्याने उजव्या तळहातावर करणार. म्हणजे स्वतःच स्वतःला गुदगुल्या, फक्त मधे यंत्र. यंत्राने लगेच नक्कल केली तर फारसं काही वाटत नाही. पण यंत्राला १०० मिलिसेकंद, २०० मिलिसेकंद उशीर करायला लावला की गुदगुल्या वाढत जातात. हात तोच, फोम तोच; फक्त अंदाज आणि स्पर्श यांची वेळ चुकलेली. पुढचा स्पर्श कुठे आणि कधी होणार हे आपल्या ताब्यात नसणं, गुदगुल्यांचं मूळच इथे आहे. मामाने धरून ठेवलेल्या पोरीच्या ताब्यात तर काहीच नव्हतं.

उंदरांचंही पाहा. बर्लिनमध्ये शिम्पेई इशियामा आणि मिखाएल ब्रेख्त यांनी २०१६ मध्ये उंदरांना गुदगुल्या केल्या. उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चित्कारले. आपल्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ, म्हणून आपल्याला ते ऐकू येत नाही. मजा यायला लागल्यावर ते हाताच्या मागे धावू लागले. त्याच उंदरांना उंच फळीवर, झगझगीत उजेडात ठेवून तशाच गुदगुल्या केल्या, तेव्हा चित्कार जवळजवळ बंद झाले आणि स्पर्शाची नोंद घेणाऱ्या मेंदूतल्या पेशींचा प्रतिसादही मंदावला. स्पर्शात फरक नव्हता, उंदीर घाबरलेला होता एवढंच. हे वाचल्यावर कोणी म्हणालं की "लेकराला काय कळतंय", तर मला राग येतो.

मिठी मारली की ऑक्सिटोसिन वाढतं, म्हणून मुलांना दिवसातून अमुक मिठ्या माराच, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. या रसायनाला 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणणं उथळ आहे. त्याचा परिणाम प्रसंगावर आणि समोरच्या माणसावर अवलंबून असतो. नको असलेली मिठी औषध म्हणून देता येत नाही.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना 'संमती' हा शब्द जड जातो. पण त्यांच्याकडे स्वतःचा शब्द आहेच: टॅम्प्लीस. लंगडीत, लपाछपीत कुणी टॅम्प्लीस म्हटलं की डाव थांबतो, कारण विचारत नाहीत. आमच्या सीमाभागातल्या पोरांना तर शेजारच्या कन्नड घरांतले 'साकु' आणि 'ब्याड' हेही शब्द तोंडपाठ असतात, म्हणजे 'पुरे' आणि 'नको'. मी वर्गात एवढंच सांगतो की टॅम्प्लीस खेळापुरतं ठेवू नका. मित्राच्या दप्तरात हात घालताना, मैत्रिणीची वेणी ओढताना, कुणाचा फोटो काढून ग्रुपवर टाकताना आधी विचारा. काल हो म्हटलेला आज नको म्हणू शकतो. गप्प बसलेला माणूसही हो म्हणालेला नसतो, कारण भीतीने शरीर थिजतं आणि तोंडातून शब्द फुटत नाही. मोठ्या माणसाने नकोसा स्पर्श केला, तर घरी किंवा शाळेत विश्वासाच्या माणसाला सांगायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक पाठ असू द्या. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीसाठी आहे.

आमच्या घरी आता नियम झाला आहे. गुदगुल्या करणाऱ्याने मधेमधे दोन्ही हात वर करून थांबायचं. परवा भाचीने तिच्या सहा वर्षांच्या भावाला धरलं होतं. तो हसत हसत "टॅम्प्लीस" ओरडला आणि तिने लगेच हात वर केले. तो उठला, दारापर्यंत गेला, श्वास घेतला, आणि परत येऊन तिच्या पुढ्यात आडवा झाला. "आता कर," म्हणाला.