डिकोडर बसवणे (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बसणारे, रुळांतून आलेल्या आज्ञा वाचून मोटर आणि दिवे चालवणारे छोटे सर्किट म्हणजे डिकोडर. चाकांकडून येणारी वीज आणि मोटर यांच्यामध्ये हे सर्किट जोडण्याच्या कामाला डिकोडर बसवणे असे म्हणतात. डीसीसी या अंकीय नियंत्रण पद्धतीवर धावणाऱ्या प्रत्येक इंजिनाला स्वतःचा डिकोडर लागतो. नव्या इंजिनांत बहुधा त्यासाठी तयार सॉकेट असते. जुन्या इंजिनांत ते नसते, आणि या कामातले खरे कौशल्य तिथेच लागते.

जुन्या डीसी (एकदिश प्रवाहाच्या) पद्धतीत रुळांत जेवढा व्होल्टेज सोडावा तेवढा गाडीचा वेग. एका रुळावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदम धावतात. त्यामुळे मांडणीचे विद्युतदृष्ट्या वेगळे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र स्विच द्यावा लागे. डीसीसीमध्ये रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असतो, एचओ प्रमाणाच्या (१:८७) मांडणीत साधारण १४ ते १५ व्होल्ट. या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते आणि दोन पालटांमधल्या वेळेतच संदेश दडलेला असतो. प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो बिट ‘१’, १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब असेल तर ‘०’. अशा बिटांच्या पाकिटात आधी इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा आणि शेवटी चूक पकडण्यासाठी तपासणीचा बाइट येतो. पाकीट सगळ्याच डिकोडरना मिळते, पण ते पाळतो फक्त त्या पत्त्याचा.

या पद्धतीचा पाया जर्मनीतील लेंझ कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस मेर्क्लिन आणि अर्नोल्ड या उत्पादकांसाठी केलेल्या कामात आहे. त्याआधीही प्रयत्न झाले होते. ब्रिटनच्या हॉर्न्बीने १९७९ मध्ये ‘झिरो वन’ ही पद्धत आणली होती, पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असल्याने एकाचा डिकोडर दुसऱ्याच्या नियंत्रकावर चालत नसे. अमेरिकेतील एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या १९३५ पासूनच्या संघटनेने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात लेंझच्या पद्धतीवर आधारित खुले मानक स्वीकारले. आज व्हिएन्नाच्या झिमोचा डिकोडर अमेरिकेच्या डिजिट्रॅक्सच्या नियंत्रकावर बिनदिक्कत चालतो, तो यामुळेच. या छंदाच्या इतिहासात इतका दूरगामी निर्णय क्वचितच झाला असेल.

सॉकेट असलेले इंजिन

सॉकेट असेल तर काम सोपे. वरचे कवच काढायचे, सॉकेटमधला डमी प्लग उपसायचा आणि डिकोडर खोचायचा. एचओमध्ये आठ पिनांचे सॉकेट बरीच वर्षे रूढ होते. आता २१ पिनांचे आणि प्लक्स २२ सर्रास दिसतात. एन प्रमाणाच्या (१:१६०) इंजिनांत सहा पिनांचे किंवा नेक्स्ट १८ सॉकेट असते. आठ पिनांच्या प्लगमध्ये नारिंगी तार (मोटरच्या दोन तारांपैकी एक) पहिल्या क्रमांकाच्या पिनशी यायला हवी. प्लग उलटा बसला तर इंजिन चालते, पण आज्ञेच्या विरुद्ध दिशेला, आणि दिवे लागत नाहीत. कारण दिव्यांची सामाईक निळी तार आणि हिरवी तार एकमेकींच्या जागी गेलेली असते. प्लग काढून फिरवून लावला की झाले.

सॉकेट नसलेले इंजिन

इथे एकच नियम सर्वांच्या वर आहे: मोटरच्या दोन्ही टोकांचा रुळांशी, चाकांशी किंवा धातूच्या चासीशी कसलाही थेट संबंध उरता कामा नये. डीसी इंजिने बनवताना कारखान्यांना याची गरजच नव्हती. उलट मोटरचे एक टोक चासीला टेकवून तारेचा खर्च वाचवणे ही रीतच होती. डिकोडर जोडल्यावर असा एक जरी संपर्क राहिला, तर रुळांतली वीज मोटरकडे जाणाऱ्या ट्रान्झिस्टरवर उलट्या बाजूने आदळते आणि डिकोडर क्षणात जळतो.

अमेरिकेच्या अ‍ॅथर्न कंपनीची ‘ब्लू बॉक्स’ डिझेल इंजिने याचे उत्तम उदाहरण आहेत. निळ्या खोक्यांत विकली जाणारी ही इंजिने दणकट, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असल्यामुळे आजही असंख्य मांडण्यांवर आहेत. त्यांच्या मोटरखाली तांब्याची एक पट्टी असते आणि तिच्या दोन जिभा धातूच्या चासीवर दाबून बसतात. एका रुळाची वीज बोगींतून चासीत आणि चासीतून या जिभांवाटे मोटरमध्ये शिरते. दुसऱ्या रुळाची वीज मोटरवरून जाणाऱ्या लांब धातूच्या पट्टीतून वरच्या ब्रशला (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या संपर्काला) मिळते. डिकोडर बसवताना मोटर उचलून खालच्या पट्टीच्या जिभा कापतात किंवा सपाट करतात, चासीच्या खाचेत कॅप्टन (Kapton) ही विद्युतरोधक टेप लावतात आणि वरची लांब पट्टी काढून टाकतात. मग वरच्या आणि खालच्या ब्रशच्या पट्ट्यांपैकी एकीला नारिंगी, दुसरीला करडी तार डाखतात. बोगींकडून येणाऱ्या विजेसाठी लाल तार उजव्या रुळाच्या बाजूला आणि काळी डाव्या बाजूला जोडतात. चासी ज्या रुळाशी जोडलेली असेल त्या बाजूची तार चासीलाच स्क्रूने आवळता येते. पुढचा दिवाही चासीतूनच वीज घेत असल्याने त्याचा आधार सुटा करावा लागतो. हे विसरले तर दिव्याचे वर्तन गोंधळात टाकते.

डिकोडरची एकही तार जोडण्याआधी मल्टिमीटर बझरवर (जोड असेल तर वाजणाऱ्या मोडवर) ठेवून मोटरचे प्रत्येक टोक प्रत्येक चाकाशी आणि चासीशी लावून पाहावे. कुठेही आवाज आला नाही तरच पुढे जावे. हे दोन मिनिटांचे काम टाळण्याइतकी घाई कधीच नसते.

दुसरी तपासणी प्रवाहाची. १२ व्होल्ट डीसी देऊन, मोटर क्षणभर हाताने रोखून अ‍ॅमीटर पाहतात. हा प्रवाह डिकोडरच्या क्षमतेपेक्षा कमी असावा. एचओसाठीचे बहुतेक डिकोडर सुमारे १ अँपिअर सतत झेपवतात, एनसाठीचे त्याहून कमी. जुन्या मोटरचे चुंबक मंदावले की ती जास्त प्रवाह ओढते. तिथे निओडिमियम चुंबक बसवला तर प्रवाह उतरतो आणि चालही सुधारते. मोटरवरचे रेडिओ अडथळा रोखणारे कपॅसिटर मात्र काढून टाकलेले बरे. डिकोडर मोटरला विजेचे तुकडे करून देतो आणि मधल्या फटीत तिने निर्माण केलेला व्होल्टेज मोजून वेग सांभाळतो. कपॅसिटर त्या मोजमापात ढवळाढवळ करतात.

दिव्यांसाठी निळी तार ही सामाईक धन बाजू. पांढरी तार पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची. एलईडी लावताना प्रत्येकाबरोबर रेझिस्टर हवाच, सहसा १ किलोओहमचा. जुने १२ व्होल्टचे बल्ब चालतात, पण ते तापतात आणि प्लॅस्टिकच्या कवचाला चिकटून बसले तर ते वितळवतात. उघडे सांधे हीट-श्रिंक नळीत घालावेत. डिकोडर मात्र टेपमध्ये गुंडाळू नये, त्याला उष्णता बाहेर टाकायला हवा लागते.

पहिली चाचणी आणि मूल्ये

इंजिन थेट मुख्य रुळावर न ठेवता आधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंगे वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, ठेवतात. तिथे प्रवाह मर्यादित असल्याने जोडणी चुकली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता राहते. पत्ता विचारल्यावर इंजिन जागच्या जागी बारीकसा हिसका देते. डिकोडर मोटरला सुमारे ६ मिलिसेकंद वीज देऊन निदान ६० मिलिअँपिअरचा धक्का नियंत्रकाला ‘होय’ म्हणून कळवतो, तो हा हिसका. उत्तर आले नाही तर आधी मोटरच्या तारा आणि चाकांची स्वच्छता तपासावी.

नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. डिकोडरमधल्या सेटिंगांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये छोटा पत्ता, २ मध्ये सुरुवातीचा व्होल्टेज, ३ आणि ४ मध्ये वेग वाढण्या-उतरण्याचा संथपणा, ५ मध्ये कमाल वेग. चार आकडी पत्ता सीव्ही १७ आणि १८ मध्ये राहतो आणि तो लागू करण्यासाठी सीव्ही २९ बदलावा लागतो. नवखे सर्वाधिक अडखळतात ते याच २९ पाशी, कारण दिशा, वेगाच्या पायऱ्या आणि पत्त्याचा प्रकार हे सगळे त्याच एका आकड्यात बेरजेने मांडलेले असते. जेएमआरआय या मोफत संगणक प्रणालीतील डिकोडरप्रो ही बेरीज स्वतः करते.

धूळ आणि दमट हवा यांमुळे रुळांवर थर चढतो, वीज क्षणभर तुटते आणि गाडी अडखळते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे लवकर जाणवते. डिकोडरला जोडलेला ‘स्टे-अलाइव्ह’ कपॅसिटर अशा खंडात वीज पुरवतो. लहान इंजिनांत जागा असेल तर तो जरूर बसवावा.

ध्वनी डिकोडर इंजिनाचा आवाजही काढतात. त्यांच्या स्पीकरला चारी बाजूंनी बंद छोटी पेटी लागते. पेटीशिवाय आवाज पिचका येतो. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ चे मॉडेल करणाऱ्यांची यात सोय होते: त्या इंजिनात अमेरिकी अ‍ॅल्को कंपनीचे १६ सिलिंडरचे २५१ डिझेल इंजिन होते, आणि त्याचे आवाज अमेरिकी मॉडेलांसाठी तयार मिळतात. हॉर्न मात्र अमेरिकी धाटणीचा निघतो. जर्मनीच्या ईएसयूसारख्या कंपन्यांचे डिकोडर त्यांच्या प्रोग्रामरने संगणकाला जोडून स्वतः ध्वनिमुद्रित केलेला आवाज भरू देतात, त्यामुळे आपल्याकडचा हॉर्नही त्यात घालता येतो.