मारत नाही, चिकटू देत नाही

बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक ‘जड असतो, बाळाला पचत नाही’ म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, हा प्रकार अजून संपलेला नाही. गाईच्या चिकाचा खरवस मात्र आपण वाटी पुढे करून मागतो! टाकून दिलेल्या त्या चिकात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना ओळखून धरणारी प्रथिनं, नंतरच्या दुधापेक्षा कितीतरी पट जास्त असतात, तर मधात बोटुलिझम या बाळांना लुळं पाडणाऱ्या गंभीर आजाराचे बीजाणू असू शकतात.

वारेतून बाळाला मिळतात ती आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडं. त्यांचा वावर मुख्यतः रक्तात. दुधातली बहुतेक आयजीए या दुसऱ्या प्रकारची असतात आणि त्यांची सुरुवात आईच्या आतड्यात होते. घरातल्या पाण्यातून, अन्नातून आईच्या पोटात गेलेले जंतू तिथल्या पेयर पॅचेस नावाच्या लसिकापुंजांत ओळखले जातात. त्या जंतूंची ओळख पटलेल्या बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तावाटे स्तनग्रंथीत येऊन ठाण मांडतात आणि आयजीए तयार करू लागतात. दोन आयजीए जे-साखळी नावाच्या छोट्या प्रथिनाने जोडलेले असतात, म्हणजे जंतूला धरायला चार जागा. ग्रंथीच्या पेशीवरचा एक ग्राही, म्हणजे ठराविक रेणू पकडणारं प्रथिन, ही जोडी उचलून पेशीतून आरपार दुधात सोडतो, आणि सोडताना स्वतःचाच एक तुकडा तिला गुंडाळून देतो. या तुकड्यामुळे पाचकरसांना तिचे तुकडे करणं अवघड जातं. ग्राही दर खेपेला स्वतः खर्ची पडतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

बाळाच्या आतड्यात आयजीए जंतूंना सहसा मारत नाही. त्यांचे पुंजके करते, श्लेष्मात अडकवते, अस्तराला चिकटू देत नाही. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात झालेला कॉलऱ्याचा अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला. दुधात प्रतिपिंडं जास्त असली तरी बाळांच्या आतड्यात कॉलऱ्याचे जंतू शिरतच होते. पण जंतू शिरलेल्या बाळांपैकी ज्यांना अशी प्रतिपिंडं जास्त मिळत होती, त्यांना जुलाब कमी झाले.

गाईच्या चिकाची पावडर ‘इम्युनिटी’च्या नावाने महाग विकली जाते. त्या चिकात मुख्यतः आयजीजी असतं, तेही गाईला भेटलेल्या जंतूंविरुद्धचं. वासराचं आतडं पहिल्या दिवशी ते थेट रक्तात शोषून घेतं. माणसाच्या बाळाचं तसं शोषत नाही, मोठ्यांचं तर नाहीच.