साखर उतरवणं वेगळं, चढू न देणं वेगळं

‘या वनस्पतीच्या अर्काने रक्तातली साखर कमी झाली’ असं कुठे वाचलं की मी आधी विचारतो: कोणाची? उपाशी उंदराची, की ग्लुकोज पाजलेल्या? या दोन निराळ्या चाचण्या आहेत. एकीचं उत्तर दुसरीला लावलं की घोळ होतो, आणि तो सर्रास होतो.

पहिलीत निरोगी उंदीर रात्रभर उपाशी ठेवतात, अर्क देतात आणि त्याची मूळची साखर खाली येते का ते बघतात. तुलनेसाठी दिलेल्या ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या औषधाने ती येते, कारण ते औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, गरज असो वा नसो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधाने मात्र निरोगी जनावराची साखर फारशी हलत नाही.

दुसरीत अर्क पाजल्यावर साधारण अर्ध्या तासाने ग्लुकोज पाजतात, बहुतेकदा वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम. ग्लुकोजच्या आधी एकदा, मग ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतात. उंदराला धरताना तो घाबरला तर तेवढ्यानेही साखर चढते, म्हणून हाताळणाऱ्याचा हात सवयीचा लागतो. नुसतं पाणी आणि ग्लुकोज मिळालेल्या गटाचा आलेख उंच चढतो. अर्कवाल्या गटाचा बुटका राहिला, तर अर्काने चढ रोखला. मूळची साखर उतरवली, असं यातून सिद्ध होत नाही.

हा चढ कुठे अडला, हेही शोधता येतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. ग्लुकोजऐवजी स्टार्च किंवा सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, पाजून बघायचं. अकार्बोज हे मधुमेहाचं औषध आतड्यात सुक्रोज फोडणाऱ्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्यामुळे सुक्रोजनंतरचा चढ कमी होतो. तयार ग्लुकोज पाजलं तर अडवायला पचनच उरत नाही. अर्क सुक्रोजपुढे चालला आणि ग्लुकोजपुढे निकामी ठरला, तर त्याचं काम बहुधा आतड्यातच आहे. हेच विकर परीक्षानळीतही तपासतात: विकर चाललं की द्रावण पिवळं होतं, अडलं की फिकं राहतं. पण वनस्पतींमधले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, कुठल्याही प्रथिनाला चिकटतात, आणि विकरही प्रथिनच, त्यामुळे फिकं द्रावण पाहून लगेच हुरळून जाऊ नये.

हा फरक माणसापर्यंत पोचतो. चढ रोखणाऱ्या अर्काने एकट्याने साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता कमी. मूळची साखर उतरवणारा अर्क ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळीच्या जोडीला घेतला, तर रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धीही येऊ शकते. म्हणून कुठलाही अहवाल हातात आला की मी त्यात आधी निरोगी, उपाशी उंदरांचा गट शोधतो. तो गट ठेवलेलाच नसेल, तर साखर किती खाली घसरू शकते याबद्दल तो अहवाल गप्प असतो.