राजस्थानच्या माळाखालचा जिप्सम: कुंईपासून कालव्यापर्यंत

इंदिरा गांधी कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणी साचून जमिनी खारावल्या, हा विषय निघाला की बोट बहुधा शेतकऱ्याकडे वळते: त्याने पाणी जास्त दिले. दिले हे खरेच आहे. पण खाली नुसती खोल वाळू असती, तर ते पाणी वर दिसायला कितीतरी अधिक वर्षे लागली असती. बीकानेर, जैसलमेर आणि बाडमेरच्या बऱ्याच भागांत काही मीटर खोलीवर चिकणमाती, कंकर (चुनखडीचे खडे) आणि जिप्सम यांचा घट्ट थर आहे आणि पाणी त्याच्यावर अडते. हा थर इंजिनिअर तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून विहिरी खणणाऱ्यांना माहीत होता. म्हणून या जमिनीची पार्श्वभूमी कालव्याच्या आधीपासूनच पाहायला हवी.

बीकानेरहून कोलायतच्या बाजूला निघाले की वाळूच्या टेकड्या विरळ होतात आणि मुरमाड, खडकाळ जमीन लागते. या पट्ट्याला मगरा म्हणतात. गालिच्यांसाठी लागणारी चमकदार लोकर देणाऱ्या मगरा मेंढीला याच पट्ट्याचे नाव आहे. वाळू खोल असेल तिथे सेवण गवत चांगले माजते. मुरूम आणि जिप्सम वर आले की मुळांना जागा उरत नाही आणि मग खुरटी झुडपेच दिसतात. अशी जमीन नांगरासाठी नव्हेच. तिच्यावर मेंढ्या, उंट आणि गायी चारणे हा तिथल्या लोकांनी पारखून घेतलेला वापर आहे.

इथे इतका जिप्सम साठला तो पाऊस कमी म्हणून. जिप्सम म्हणजे दोन रेणू पाणी धरून बसलेले कॅल्शियम सल्फेट. एका लिटर पाण्यात ते साधारण अडीच ग्रॅम विरघळते. चुनखडी त्याहून पुष्कळच कमी विरघळते, तर मीठ तीनशे ग्रॅमच्या वर. वर्षाला 300 मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी फार खाली जात नाही. ते थोडे उतरते, सुकते आणि सोबत आणलेले क्षार वाटेतच सोडते: चुनखडी वर, जिप्सम त्याखाली आणि मीठ आणखी खाली. वाळूच्या टेकड्यांमधल्या सखल भागांत पाणी साठून आटत गेले, तिथे तर जिप्समचे सलग साठे तयार झाले. बीकानेर-बाडमेरचे हे उथळ साठे भूशास्त्राच्या हिशेबाने अलीकडचे. नागौरचा जिप्सम वेगळा, तो कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचा असून बराच खोल आहे.

मुरमाड जमिनीत खड्डा घेतला की एक खूण हमखास पाहावी. गोटा उपटून उलटा केला, तर खालच्या अंगाला पांढरट स्फटिकांचे धागे दाढीसारखे लोंबताना दिसू शकतात. वरून झिरपलेले पाणी दगडाच्या पोटाशी थांबते आणि तिथेच सुकते. तो पांढरा भाग नखाने ओरखडला जातो आणि सौम्य आम्ल टाकले तरी फसफसत नाही. फसफसला तर ती चुनखडी. प्रयोगशाळेतही ही माती फसवते. ओलावा मोजायला माती 105 अंशांच्या भट्टीत ठेवण्याची रीत आहे, पण त्या तापमानाला जिप्सम आपल्या स्फटिकातलेही पाणी सोडतो आणि कोरड्या मातीत भरपूर ओल असल्याचा आकडा हाती येतो.

आता कुंई, म्हणजे छोटी विहीर. पश्चिम राजस्थानातले खोल भूजल बऱ्याच ठिकाणी खारे आहे. पण जिथे वाळूखाली खडीची, म्हणजे जिप्समची, पट्टी लागते तिथे पावसाचे पाणी त्या खाऱ्या पाण्याला जाऊन मिळत नाही. ते पट्टीच्या वर वाळूत ओल होऊन टिकून राहते. या ओलीला रेजाणी पाणी म्हणतात. पट्टी कुठे दहा-पंधरा हातांवर, कुठे पन्नास-साठ हातांवर. तिथपर्यंत अगदी अरुंद तोंडाची कुंई खणतात. खाली माणूस जेमतेम मावतो, डोक्यावर धातूचे भांडे शिरस्त्राणासारखे घालतो, आणि वरचे लोक अधूनमधून मूठमूठ वाळू खाली फेकतात, म्हणजे तिच्यासोबत थंड हवा खाली ढकलली जाते. ढासळू नये म्हणून आतून खींप झुडपाच्या जाड दोराची वेटोळी लावत जातात. एवढ्या कष्टानंतर दिवसाकाठी दोन-तीन घडे गोडे पाणी मिळते. नवी कुंई खणायला गावाची संमती लागे, कारण प्रत्येक नवी कुंई त्याच ठरावीक ओलीत वाटा मागते. भूजलावर सामूहिक हक्क मानणारी इतकी नेमकी व्यवस्था मला दुसरी ठाऊक नाही.

फाळणीनंतर याच खनिजाकडे देशाचे लक्ष वळले. आजच्या झारखंडमधल्या सिंदरीच्या खत कारखान्यात अमोनियम सल्फेट जिप्समपासून बनणार होते आणि तो जिप्सम पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतून आणायचे ठरले होते. 1947 मध्ये ती रांग पाकिस्तानात गेली. मग भिस्त राजस्थानवर आली. बीकानेरजवळच्या जामसरची खाण 1948 मध्ये संस्थानाकडून भाडेपट्ट्याने दिली गेली आणि 1951 मध्ये सिंदरीत उत्पादन सुरू झाले. जामसरला उत्तम प्रतीचा जिप्सम नेमका रेल्वेच्या जागेखाली निघाला, तेव्हा रेल्वेचे बस्तान दुसरीकडे हलवावे लागले. त्यासाठी खाण कंपनीने भरलेले तीन लाख रुपये भांडवली खर्च की चालू खर्च, हा करविवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1990 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आजही देशात खाणीतून निघणारा जवळपास सगळा जिप्सम राजस्थानचा. महाराष्ट्रात चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेली, जमीन सुधारायला जिप्सम टाकतात, तेव्हा त्यातले कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेते.

कालव्याची पायाभरणी 31 मार्च 1958 रोजी झाली. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यातून निघालेले पाणी 1987 मध्ये जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगढपर्यंत पोहोचले. पहिल्या टप्प्यातच लूणकरणसर, बडोपल अशा भागांत पाणी वर येऊ लागले. दुसऱ्या टप्प्यात दर हजार एकरांमागची पाण्याची तरतूद 5.23 क्युसेकवरून (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) 3 क्युसेकवर आणली, कालव्याकाठी पाणी शोषणारी निलगिरी लावली. उपाय योग्य दिशेने होते. पण कुंई खणणाऱ्यांचे ज्ञान आराखड्याच्या टेबलावर आधीच आले असते, तर कुठे पाणी न्यायचे आणि कुठले कुरण कुरणच ठेवायचे हे बरेच आधी ठरवता आले असते, असे मला ठामपणे वाटते. सेवणाचे माळ नांगराखाली गेले ते परत आणणे फार अवघड आहे.

ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेरमध्ये अतिवृष्टी झाली. कवास आणि मलवा ही गावे बुडाली. पाऊस थांबल्यावरही तिथले पाणी हटेना: वाट काढायला उतार नव्हता आणि खाली जिप्समचा थर होता. याच कवासजवळ जिप्समच्या खाणी आहेत. तिथल्या उकरलेल्या जमिनीवर पावसाचे पाणी अडवून, स्थानिक झाडे-झुडपे आणि गवत लावून ती पुन्हा चराऊ करण्याचे प्रयोग जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे काजरीने, त्या पुराच्या आधीच केले होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने राज्यवार मृदा नकाशे तयार केले आहेत. पूररेषा आखताना त्या नकाशांसोबत या थराची खोली गावागावात खणून तपासणे काही मोठ्या खर्चाचे काम नाही.