ज्यू धर्मशास्त्र आणि लिंगांतर

ज्यू धर्मशास्त्र आणि लिंगांतर : जन्मवेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या (पारलिंगी) व्यक्ती आणि त्यांनी केलेले लिंगांतर यांविषयी ज्यू धर्मपरंपरेत झालेला विचार. ज्यूंमध्ये सर्वांवर बंधनकारक असे एकच धर्मपीठ नाही. निर्णय त्या त्या पंथाचे रब्बी (धर्मगुरू) आणि समित्या देतात, त्यामुळे या प्रश्नावर एकमत नाही. ऑर्थोडॉक्स (सनातनी) पंथात लिंगांतराच्या शस्त्रक्रियेला सर्वसाधारणपणे मनाई आहे. रिफॉर्म, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिकन्स्ट्रक्शनिस्ट या बिगर-ऑर्थोडॉक्स पंथांनी मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने मान्यता दिली आहे. धर्मशास्त्रात (हलाखा) या प्रश्नाला एवढे महत्त्व येण्याचे कारण उघड आहे. ठरावीक वेळी करायच्या बहुतेक विहित कर्मांचे बंधन पुरुषांवर आहे, स्त्रियांवर नाही. सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांची गणना, साक्ष, वारसा, विवाह आणि घटस्फोट या सगळ्यांत व्यक्ती स्त्री की पुरुष हे आधी ठरावे लागते.

बायबलमधील आधार : मुख्य वचन ‘अनुवाद’ या बायबलमधील पुस्तकातील २२:५ हे आहे. स्त्रीने पुरुषाची वस्तू धारण करू नये आणि पुरुषाने स्त्रीचे वस्त्र घालू नये, असे ते सांगते. मनाई नेमकी कशाची, यावर भाष्यकारांत जुना मतभेद आहे. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहातील ‘नाझीर’ या प्रकरणात एलिएझर बेन याकोव्ह यांचे मत येते : स्त्रीने शस्त्र घेऊन युद्धावर जाऊ नये, हा त्याचा अर्थ. एका अरामी भाषांतरात ‘पुरुषाची वस्तू’ म्हणजे प्रार्थनेची गोंड्यांची शाल आणि तफिलिन (कपाळावर व दंडावर बांधायच्या चामडी पेट्या) असा अर्थ लावला आहे. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांच्या मते वेषांतर करून दुसऱ्या लिंगाच्या लोकांत मिसळणे आणि त्यातून व्यभिचार घडणे याला ही मनाई आहे, तर बाराव्या शतकातील धर्मशास्त्री मायमोनिदीझ तिचा संबंध मूर्तिपूजकांच्या विधींशी जोडतात. सोळाव्या शतकात क्राकोचे मोशे इसर्लिस यांनी पुरीम सणातल्या वेषांतराची रूढी आक्षेपार्ह नसल्याचे नोंदवले. नंतरच्या अनेकांना ते पटले नाही. राशींचा अर्थ स्वीकारला तर फसवणुकीचा हेतू हा मुद्दा कळीचा ठरतो, आणि स्वतःच्या ओळखीप्रमाणे उघडपणे वेष करणाऱ्या व्यक्तीला हे वचन कितपत लागू पडते असा रास्त प्रश्न उभा राहतो.

दुसरा आधार खच्चीकरणाच्या मनाईचा. लेवीय २२:२४ मधील वचन मुळात बळीच्या जनावरांविषयी आहे. तालमूदमध्ये ते माणसांनाही लागू केले गेले. जननेंद्रिय छाटलेल्या पुरुषाला ‘परमेश्वराच्या मंडळीत’ प्रवेश नाही, असे अनुवादच्या तेविसाव्या अध्यायाच्या आरंभी म्हटले आहे. रब्बींनी त्याचा अर्थ विवाहाच्या अधिकारापुरता मर्यादित केला. याच्या नेमके उलट वचन यशयाच्या ५६व्या अध्यायात सापडते. शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या षंढाला देव आपल्या घरात पुत्र आणि कन्यांपेक्षा श्रेष्ठ नाव देईल, असे आश्वासन तिथे दिलेले आहे. शास्त्रार्थाच्या चर्चेत पहिली दोन वचने वारंवार येतात, यशयाचे क्वचित. या वचनाला अधिक वजन मिळायला हवे होते.

मिश्ना आणि तालमूदमधील वर्ग : स्त्री आणि पुरुष यांखेरीज मिश्ना (तालमूदला आधारभूत असलेली नियमसंहिता) आणि रब्बींच्या इतर ग्रंथांत आणखी काही शारीरिक वर्ग येतात. दोन्ही लिंगांची लक्षणे दिसणारा अँड्रोगिनोस, लक्षणे त्वचेखाली झाकलेला तुमतुम, प्रौढपणाची स्त्रीलक्षणे न आलेली आयलोनीत आणि जन्मतः किंवा माणसांच्या हातून वंध्य झालेला सारीस हे ते वर्ग होत. तुमतुमविषयी ग्रंथकारांची धारणा अशी, की तो मुळात पुरुष किंवा स्त्रीच असतो आणि पडदा फाटला की निर्णय होतो. येवामोत या प्रकरणात तर अब्राहाम आणि सारा हे दोघेही तुमतुम होते, असे एक मत नोंदवले आहे. अँड्रोगिनोसची शंका मात्र अशी फिटत नाही.

या विषयाचा सर्वांत तपशीलवार उतारा छापील मिश्नेत बिक्कुरीम या प्रकरणाच्या चौथ्या अध्यायात आहे. हा अध्याय मूळ मिश्नेचा नसावा, असे अभ्यासक साधारणपणे मानतात. बिक्कुरीमचा विषय मंदिरात अर्पण करायची पहिली फळे हा आहे, आणि तो तिसऱ्या अध्यायातच संपतो. हाच मजकूर पाठभेदांसह तोसेफ्ता या समांतर संग्रहात मिळतो आणि बहुधा तिथूनच तो मिश्नेत आला असावा. तो इथेच का जोडला गेला, याचा माग मूळ प्रकरणात लागतो. पहिल्या अध्यायात तुमतुम आणि अँड्रोगिनोस यांनी फळे आणावीत पण सोबतचे पठण करू नये, असा नियम आहे. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ‘कोय’ या प्राण्याची चर्चा येते. हा प्राणी पाळीव की रानटी हे ठरत नाही. म्हणून काही बाबतींत पाळीवासारखा, काहींत रानटीसारखा, काहींत दोन्हींसारखा आणि काहींत कशासारखाच नाही, अशी चार कलमे मांडली आहेत. अँड्रोगिनोसचा उतारा याच साच्यात बसवलेला आहे. तो पुरुषांसारखा विवाह करतो, पण स्त्रीसारखा कोणाशी विवाहबद्ध केला जात नाही. पुरुषांप्रमाणे सर्व विहित कर्मे त्याच्यावर बंधनकारक आहेत. पुरुषांसोबत एकांतात राहण्याची त्याला स्त्रियांप्रमाणे मनाई आहे. देवाला व्यक्तीचे ठरीव मोल अर्पण करण्याचा नवस असतो. त्यात त्याचे मोल पुरुष म्हणूनही धरता येत नाही आणि स्त्री म्हणूनही नाही. त्याला मारणारा मात्र दोषी ठरतो, जसा पुरुषाला किंवा स्त्रीला मारणारा ठरतो. हे शेवटचे कलम फार मोलाचे आहे. वर्ग ठरला नाही म्हणून संरक्षण सुटत नाही, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

अँड्रोगिनोस ही ‘स्वतंत्र निर्मिती’ आहे आणि तो पुरुष की स्त्री याचा निर्णय ऋषितुल्य पंडितांना करता आला नाही, हे मत तालमूद रब्बी योसे यांच्या नावावर देतो. मिश्नेतील वेगळ्या मतापुढे ते ग्राह्य धरायचे की नाही, यावर तिसऱ्या शतकातील राव आणि श्मुएल या पंडितांत मतभेद झाला. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकावरील प्राचीन भाष्यात आदिमानवच अँड्रोगिनोस होता, असे यिर्मेया बेन एलाझार यांचे म्हणणे नोंदले आहे.

अलीकडे या वर्गांवरून ‘ज्यू धर्मात सहा (किंवा आठ) लिंगे मानली जातात’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे. शार्लट फोनरोबर्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवल्याप्रमाणे हे वर्ग शरीरलक्षणांचे आहेत, मनातल्या ओळखीचे नाहीत. शिवाय त्यांची सगळी मोजणी पुरुष आणि स्त्री या दोन टोकांच्या आधारेच चालते. भारतातील तृतीयपंथीयांप्रमाणे गुरू-चेल्यांची परंपरा असलेला वेगळा समाजही या ग्रंथांत दिसत नाही. तेव्हा आजच्या पारलिंगी ओळखीचा थेट पूर्वज तिथे शोधणे योग्य नाही. निर्णय होत नसलेल्या माणसालाही धर्मजीवनात जागा करून देण्याची रीत मात्र तिथे नक्की सापडते, आणि आजच्या वादात तिचेच महत्त्व अधिक आहे.

मध्ययुग : दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्समध्ये १२८६ मध्ये जन्मलेले कलोनिमस बेन कलोनिमस यांच्या ‘एव्हेन बोहान’ (सु. १३२२) या हिब्रू ग्रंथात आपण स्त्री म्हणून जन्मलो असतो तर, अशी खंत करणारा पद्यमय उतारा आहे. अब्राहामासाठी आग शांत करणाऱ्या आणि याकोबाची कन्या दीना हिला मातेच्या उदरातच पालटणाऱ्या देवाने आपल्यालाही पालटावे, अशी याचना त्यात आहे. ती मान्य होत नाही म्हणून कवी ‘मला स्त्री केले नाहीस’ हे पुरुषांचे नित्याचे आशीर्वचन म्हणतो. दीनाचा उल्लेख मनचा नाही : गर्भ मुलाचा होता, तो मुलीचा झाला, ही कथा तालमूदच्या बेराखोत प्रकरणात आहे. ग्रंथ उपहासपर असल्याने हा उतारा पुरुषांवरील कर्मकांडाच्या ओझ्याची थट्टा आहे, असे पूर्वीचे बहुतेक अभ्यासक मानत. उपहासाचा साचा असला तरी त्यातली वेदना खरी वाटते, हे अलीकडचे वाचन अधिक ग्राह्य वाटते.

आधुनिक ऑर्थोडॉक्स मते : जेरुसलेममधील शारे त्झेदेक रुग्णालयाशी संबंधित धर्मशास्त्री एलिएझर वाल्डेनबर्ग (१९१५–२००६) यांनी ‘त्झित्झ एलिएझर’ या आपल्या निर्णयसंग्रहात लिंग बाह्य, दृश्य अवयवांवरून ठरते असे मत मांडले. पुरुषाची स्त्री झाली तर तिच्या पूर्वीच्या पत्नीला घटस्फोटपत्राची (गेट) गरज उरत नाही, कारण दोन स्त्रियांत विवाहबंधन टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे. यावरून वाल्डेनबर्ग यांनी शस्त्रक्रियेला परवानगी दिली, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो बरोबर नाही. कृतीला मनाई असणे आणि ती घडल्यानंतरची स्थिती ठरवणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांचे हे विवेचन दुसऱ्या प्रश्नाचे आहे. जे. डेव्हिड ब्लाइश आणि इतर बहुसंख्य ऑर्थोडॉक्स धर्मशास्त्री शस्त्रक्रियेने धार्मिक लिंग बदलतच नाही, असे मानतात. स्थिती बदलत नसली तरी माणसाला अवमानित करण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही, या भूमिकेतून इंग्लंडचे प्रमुख रब्बी एफ्राइम मिर्व्हिस यांनी २०१८ मध्ये ऑर्थोडॉक्स शाळांसाठी समलिंगी व पारलिंगी विद्यार्थ्यांच्या हिताची मार्गदर्शिका काढली.

इतर पंथ : अमेरिकेतील रिफॉर्म रब्बींच्या परिषदेने १९७८ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या विवाहाचे पौरोहित्य करण्यास अनुमती दिली. त्यांच्या हिब्रू युनियन कॉलेजमधून २००६ मध्ये एलियट कुक्ला हे पारलिंगी असल्याचे जाहीर केलेले रब्बी दीक्षित झाले. २०१५ मध्ये रिफॉर्म संघाने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा व्यापक ठराव केला. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मनिर्णय समितीने २००३ मध्ये मेयर रॅबिनोविट्झ यांचा निर्णय स्वीकारला. त्यात मान्यतेसाठी पूर्ण शस्त्रक्रियेची अट होती. २०१७ मधील लेनर्ड शार्झर यांच्या निर्णयाने ती अट गेली आणि व्यक्तीची स्वतःची ओळख प्रमाण मानली गेली. शस्त्रक्रिया न परवडणाऱ्या किंवा न झेपणाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता.

आचारातील प्रश्न : सर्वांत नाजूक प्रश्न मृत्यूनंतरच्या स्नानाचा (तहारा) आहे. दफनमंडळातील पुरुष पुरुषाच्या आणि स्त्रिया स्त्रीच्या देहाला पाणी घालतात; देह पूर्ण उघडा न करता, एकेक भाग धुऊन पुन्हा झाकतात. पारलिंगी व्यक्तीला कोणी स्नान घालावे, हे पुष्कळदा मंडळाने आयत्या वेळी ठरवायचे असते. म्हणून व्यक्तीने जिवंतपणीच आपली इच्छा नोंदवून ठेवावी, असा सल्ला उदारमतवादी मंडळे देतात. तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनासाठी नाव पुकारताना हिब्रूत ‘अमक्याचा पुत्र’ किंवा ‘अमक्याची कन्या’ म्हणावे लागते. दोन्ही न मानणाऱ्यांसाठी ‘अमक्याच्या घरचे’ असे म्हणण्याची सोय काही मंडळ्यांनी केली आहे.