डिजिटल मिक्सरला लेखी आज्ञा : सभागृहचालकांसाठी माहितीपत्रक

पुण्यातल्या एकाच सभागृहात सकाळी व्याख्यान, दुपारी पुस्तक प्रकाशन आणि रात्री गाण्याची मैफल असते. दर वेळी कोणता आवाज कुठे न्यायचा हे बदलते, आणि मधे वेळ फार थोडा मिळतो. आपल्याकडे बेहरिंगर एक्स३२ किंवा मिडास एम३२ मिक्सर असेल, तर ही सगळी जुळणी कॉम्प्युटरवर आज्ञांच्या फाइलमध्ये लिहून ठेवता येते. अशा फाइली आम्ही बनवून देतो.

मिक्सर नेटवर्कच्या वायरीने जोडायचा. तो १००२३ या यूडीपी पोर्टवर (यूडीपी म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवण्याची एक पद्धत, पोर्ट म्हणजे तिथल्या दाराचा क्रमांक) ओएससी पद्धतीच्या, म्हणजे ध्वनियंत्रांना लेखी संदेश देण्याच्या पद्धतीच्या, आज्ञा ऐकतो. आज्ञेत आधी पत्ता (काय बदलायचे ते) आणि मग किंमत (ते किती ठेवायचे तो आकडा) असते. उदाहरणार्थ, तबल्याचा माइक पहिल्या चॅनेलवर आहे आणि गायकाचा मॉनिटर (त्याला ऐकू यावे म्हणून समोर ठेवलेला स्पीकर) तिसऱ्या बसवर, म्हणजे अनेक चॅनेलचे आवाज एकत्र करून बाहेर नेणाऱ्या तिसऱ्या मार्गावर. मग त्या मॉनिटरमध्ये तबला किती हवा याचा पत्ता होतो /सीएच/०१/मिक्स/०३/लेव्हल. (पत्रकात देवनागरी वापरली आहे. टाइप करताना अक्षरे छोटी रोमन आणि आकडे इंग्रजी हवेत.) चॅनेलचा आकडा दोन अंकीच लिहा. नुसता १ चालत नाही.

किमतीच्या बाबतीत विशेष काळजी घ्या, कारण ती डेसिबलमध्ये नसते. ०.७५ म्हणजे शून्य डेसिबल, ०.५ म्हणजे उणे १० आणि १ म्हणजे अधिक १०. ‘पूर्ण’ या अर्थाने कोणी १ लिहिले, तर गायकाच्या समोरचा मॉनिटर शिट्टी मारू शकतो.

बसवरचा आवाज मागच्या कोणत्या सॉकेटमधून बाहेर पडणार, हे वेगळ्या आज्ञेने ठरते : /आउटपुट्स/मेन/०३/एसआरसी. इनपुटची जोडणी मात्र सहसा आठ-आठच्या गटाने बदलते. एका आज्ञेने आठही चॅनेलवर दुसरेच माइक येतात, म्हणून कार्यक्रम चालू असताना तिला हात लावू नका. आमचा क्रम ठरलेला आहे : आधी म्यूट (आवाज बंद), मग जोडणी, मग लेव्हल आणि शेवटी म्यूट काढणे. आम्ही दिलेल्या फाइलींमध्ये हाच क्रम आहे, तो कृपया बदलू नये.

यूडीपीमध्ये आज्ञा पोहोचल्याची पावती मिळत नाही. भरलेल्या सभागृहात शेकडो मोबाइल चालू असतात, अशा वेळी वायफायवरून पाठवलेली एखादी आज्ञा वाटेतच हरवू शकते. त्यासाठी तोच पत्ता किमतीशिवाय पुन्हा पाठवा. मिक्सर सध्याची किंमत उत्तरात कळवतो, आणि ती जुळली की पुढे जा. मिक्सरवर हाताने केलेले बदलही कॉम्प्युटरवर दिसायला हवे असतील, तर /एक्सरिमोट ही आज्ञा द्यावी लागते. तिचा परिणाम १० सेकंदच टिकतो, म्हणून ती त्याआधी पुन्हापुन्हा पाठवत राहावी लागते.

मिक्सर पासवर्ड विचारत नाही. त्या नेटवर्कवर असलेला कोणीही त्याला आज्ञा देऊ शकतो. पाहुण्यांचे वायफाय वेगळे ठेवा, आणि मिक्सरचा राउटर इंटरनेटला जोडू नका.

फाइल बनवून हवी असल्यास येताना चॅनेल आणि आउटपुटचा तक्ता आणा : कोणत्या सॉकेटला कोणता माइक, कोणत्या बसवर कोणाचा मॉनिटर, रेकॉर्डिंग कुठून घेता. तक्ता नसेल तर रिकाम्या सभागृहात येऊन आम्ही तो आपल्यासोबत लिहून काढू.